कॅमशाफ्ट टायमिंगची तपासणी (टायमिंग बेल्ट बदलताना)

टायमिंग बेल्टवर चालणाऱ्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मानाने कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नेमका कुठे आहे हे अंशांत मोजून पाहण्याच्या कामाला कॅमशाफ्ट टायमिंगची तपासणी म्हणतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि त्या एका फेऱ्यात कोणता व्हॉल्व्ह कधी उघडेल नि कधी मिटेल हे बेल्ट पुलीवर कसा बसला यावर ठरते. रोजच्या गाडीत पुलीवरची खूण समोरच्या खुणेशी जुळवली की काम भागते. मारुती ८०० चा बेल्ट गल्लीतल्या गॅरेजातही असाच चढवला जाई. चार कॅमच्या स्पोर्ट्स कारमध्ये मात्र खुणा जुळल्या एवढ्यावरून टायमिंग बरोबर आहे असे म्हणता येत नाही.

फेरारीची ३०८ (१९७५) आणि तिच्यानंतर आलेली ३२८ (१९८५) ही याची चांगली उदाहरणे. सीटच्या मागे आडवे बसवलेले व्ही-८ इंजिन (चार-चार सिलिंडरच्या दोन तिरक्या रांगा), प्रत्येक बाजूच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागावर, दोन कॅम, आणि प्रत्येक बाजूला स्वतंत्र बेल्ट. फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर), छोट्या खिडकीतून दिसणारी ‘पीएम’ ही अक्षरे कोरलेली असतात. इटालियन ‘पुंतो मोर्तो’चे ते संक्षिप्त रूप : वर आलेला पिस्टन खाली वळण्याआधी जिथे थबकतो ती जागा. (पोर्शे ९४४ मध्ये याच कामासाठी ‘ओटी’ ही जर्मन अक्षरे असतात.) कॅमची झाकणे काढली की प्रत्येक कॅमवर एक रेघ आणि तिच्या जोडीची दुसरी रेघ बेअरिंग कॅपवर दिसते.

या रेघा जवळपासचे सांगतात, नेमके सांगत नाहीत. रेघेला स्वतःची जाडी असते, पाहणाऱ्याची मान जरा तिरकी असते. तेवढ्यात कॅमचा एखादा अंश हरवतो आणि कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. पूर्वी कधी हेडला फेसिंग मारले (त्याचा तळ घासून सपाट केला) असेल तर कॅम क्रँकच्या किंचित जवळ येतो, बेल्टची ताणलेली बाजू आखूड होते आणि कॅम मागे पडतो. जुन्या गाडीत आधीच्या मेकॅनिकने पुली कुठे बसवली होती हाही प्रश्न असतोच. दात चुकणे ही त्याहून वेगळी गोष्ट. पुलीला ४० दात धरले, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. एवढी चूक इंजिन सुरू होताच कानाला कळते. दोन-तीन अंशांची चूक मात्र गाडी मुकाट्याने चालवून घेते. एक बाजू दुसरीच्या मागे राहते, आयडलला हलकी थरथर येते, खालच्या आरपीएमला ओढ कमी वाटते, आणि मालक दोष कार्बुरेटरला देतो.

तपासणीची सुरुवात क्रँकपासून होते, आणि खरी मेहनत इथेच आहे. पिस्टन सगळ्यात वर असताना क्रँक थोडा फिरवला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, त्यामुळे नुसत्या डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापाने) तो बिंदू पकडता येत नाही. म्हणून सगळे प्लग काढतात, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात अडसराचा बोल्ट बसवतात आणि क्रँक हाताने, सावकाश, पिस्टन त्याला टेकेपर्यंत आधी एका बाजूने व मग दुसऱ्या बाजूने आणतात. क्रँकवर लावलेल्या अंशांच्या चकतीवर शून्याच्या अलीकडे २२ आणि पलीकडे २६ आले, तर चकती दोन अंश सरकवायची; मग दोन्हीकडे २४ येतात आणि शून्य खऱ्या जागी बसते. त्यानंतरच अडसर काढायचा.

आता डायल गेज कॅमखालच्या टॅपेटवर (कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या भागावर) टेकवतात. कॅमच्या उंचवट्याचा माथाही सपाटच, म्हणून इथेही मधला बिंदू दोन बाजूंनी शोधावा लागतो. समजा, इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याआधी किंचित कमी लिफ्ट (व्हॉल्व्ह उचलला जाण्याचे माप) १०० अंशांवर मिळाली आणि नंतर तेवढीच ११६ वर, तर माथा १०८ वर आहे. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या अंशांवरून तपासायचे असेल तर आधी टॅपेटचा गॅप (कॅम आणि टॅपेटमधली फट) मॅन्युअलप्रमाणे करून घ्यावा लागतो, नाहीतर गॅपमधली चूक टायमिंगमधली वाटते.

आकडा चुकलेला निघाला तर बेल्ट दाताने हलवून भागत नाही. या फेरारींत पुली आणि कॅमचा हब (कॅमच्या टोकावरची बैठक) एका पिनने जखडलेले असतात, आणि दोघांवरच्या भोकांची संख्या वेगळी असते. उदाहरणादाखल एकावर १५ व दुसऱ्यावर १६ भोके धरली, तर भोकांमधले अंतर २४ आणि साडेबावीस अंश होते. पिन एक भोक पुढे घातली की कॅम दीड अंशाने सरकतो. व्हर्नियर पट्टीचेच तत्त्व. पोर्शे ९४४ च्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात एकच कॅम आहे, पण बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) दुसरा बेल्ट असतो आणि त्याच्या खुणा वेगळ्या जुळवाव्या लागतात.

बेल्ट उतरवताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने एखादा कॅम खटकन फिरतो. अशा इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकमेकांना गाठू शकतात, म्हणून कॅम आधी जखडून ठेवतात. कॅम मोकळा फिरवायची वेळ आलीच, तर क्रँक फिरवून असा ठेवतात की एकही पिस्टन अगदी वर नसेल. या दोन गोष्टी विसरल्या तर वाकलेले व्हॉल्व्ह काढण्यासाठी हेड उतरवावे लागते.

नवा बेल्ट ताणून झाला की क्रँक चालण्याच्या दिशेनेच दोन पूर्ण फेरे फिरवून सगळे आकडे पुन्हा घेतात. उलटे फिरवले तर ढील ताणाच्या बाजूला येते आणि आकडा खोटा मिळतो. फेरारीच्या व्ही-८ मधून बेल्ट २००४ च्या एफ४३० पासून गेला आणि साखळी आली. जुन्या गाड्या मात्र फार चालल्या नाहीत तरी रबर म्हातारे होते म्हणून काही वर्षांनी पुन्हा गॅरेजात येतात. चारही कॅमचे आकडे लिहिलेला कागद सर्व्हिस बुकात असेल, तर पुढच्या मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.