बाऊन स्ट्रीटचा बाऊन कोण?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंगला, गणपतीचं प्रसिद्ध देऊळ आहे. ४ जुलै १९७७ ला तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. दर्शन घ्यायचं आणि कॅन्टीनमध्ये डोसा खायचा, हा तिथे जाणाऱ्यांचा शिरस्ता. २०२२ मध्ये देवळासमोरच्या रस्त्याला ‘गणेश टेम्पल स्ट्रीट’ असं जोडनाव मिळालं. मूळ नाव बाऊन स्ट्रीट. हा बाऊन कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. त्याचं लाकडी घर मात्र याच रस्त्यावर, थोडं उत्तरेला, अजून उभं आहे. साधारण १६६१ चं.

न्यूयॉर्क तेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं, डच वेस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीचं ठाणं. फ्लशिंगची वस्ती मुख्यतः इंग्रजांची. १६४५ च्या सनदेत त्यांना हॉलंडच्या रीतीप्रमाणे धर्माचरणाची मोकळीक लिहून दिली होती. पण १६४७ पासून कारभार पाहणाऱ्या पीटर स्टायवेसंटला डच रिफॉर्म्ड चर्चखेरीज दुसरी उघड उपासना खपत नसे. १६५४ मध्ये ब्राझीलहून आलेल्या ज्यूंना त्याने हाकलायला घेतलं होतं. कंपनीने नकार दिला, कारण भागधारकांत ज्यूही होते.

मग पाळी आली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. ही माणसं शपथ घेत नसत, अधिकाऱ्यापुढे टोपी काढत नसत. १६५७ मध्ये रॉबर्ट हॉजसन या तरुण प्रचारकाला हातगाडीला साखळीने जखडून चाबकाने फोडून काढलं. स्टायवेसंटच्या सख्ख्या बहिणीने रदबदली केली, तेव्हा कुठे तो सुटला. क्वेकराला एक रात्र जरी घरात थारा दिला तरी ५० पौंड दंड, असा हुकूम निघाला.

२७ डिसेंबर १६५७ ला फ्लशिंगच्या तीसेक जणांनी लेखी कळवलं, हा हुकूम आम्हाला पाळता येणार नाही. मजकूर लिहिला गावचा कारकून एडवर्ड हार्टने, नेऊन दिला शेरीफ टोबायस फीकने. आपल्याकडचे कुलकर्णी-पाटीलच म्हणा ना. काहींनी सहीच्या जागी नुसती खूण केली. ज्यू आणि तुर्क हीसुद्धा आदमची लेकरं, असं त्यात म्हटलं आहे. आणि सह्या करणाऱ्यांत क्वेकर कुणीच नव्हता! मला तरी यातलं मोठेपण तिथेच दिसतं.

परिणाम व्हायचा तोच झाला. हार्ट तुरुंगात गेला, फीकचं पद गेलं, काहींनी माफी मागितली.

जॉन बाऊनवर वेळ आली १६६२ मध्ये. त्याची बायको हॅना क्वेकर झाली होती आणि घरात सभा भरत. दंड झाला २५ पौंड. तुरुंगात टाकलं तरी तो भरेना, म्हणून १६६३ च्या आरंभी त्याला हद्दपार केलं. गडी ॲमस्टरडॅमला पोचला आणि थेट कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला. त्यांनी एप्रिलमध्ये स्टायवेसंटला पत्र धाडलं. त्यात उदारपणा आहे, पण हिशेब जास्त. संचालक म्हणतात, हे पंथ तिथे नसते तर बरंच होतं. पण कडक वागलात तर नवे लोक यायचे थांबतील. तेव्हा डोळेझाक करा, शेजाऱ्याला त्रास न देता राहणाऱ्याच्या मनावर जबरदस्ती नको.

बाऊन १६६४ मध्ये परतला, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी वसाहत घेतली. त्याच्या घराण्याने ते घर १९४५ पर्यंत सांभाळलं. आता तिथे संग्रहालय आहे. फ्लशिंगकरांच्या निवेदनाची प्रत स्टायवेसंटच्याच सरकारी दप्तरात टिकून राहिली. ती ऑल्बनीला, न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, असते. तिथल्या १९११ च्या आगीत तिच्या कडा करपल्या.