थान लाँगचा खेकडा आणि कुलूपबंद नूडल्स

सॅन फ्रान्सिस्कोच्या आउटर सनसेट भागात, जुडा स्ट्रीटवर जवळजवळ समुद्राला टेकलेलं ‘थान लाँग’ हे व्हिएतनामी हॉटेल बे एरियातल्या मराठी मंडळींनाही ठाऊक आहे. अख्खा भाजलेला डंजनेस खेकडा (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा मोठा खेकडा) आणि गार्लिक नूडल्स ही तिथली ठरलेली ऑर्डर. मेनूकार्ड उघडलं जातं ते पाहुण्यांसाठी.

हॉटेल चालवणारं घराणं मूळचं उत्तर व्हिएतनाममधलं, खानदानी. 1954 मध्ये देश दुभंगल्यावर ते दक्षिणेत आलं. घरातल्या सासूबाईंनी 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक लहानसं इटालियन डेली, म्हणजे तयार खाद्यपदार्थांचं दुकान, विकत घेतलं. त्या वेळी तो हौसेचा व्यवहार वाटला असेल. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं, बाकीचं कुटुंब जवळपास रिकाम्या हातांनी निघालं आणि तेच दुकान सगळ्यांचा आधार ठरलं. पुढे स्वयंपाकघर सुनेकडे आलं. इथल्या इटालियन हॉटेलातली स्पॅगेटी तिला अगदीच मिळमिळीत लागली आणि त्यातून गार्लिक नूडल्स जन्मल्या, असं घरचे सांगतात. लोणी आणि लसणाची जोडी व्हिएतनामी स्वयंपाकाला फ्रेंच अमलापासून ओळखीची होतीच, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे.

खरा वाद आहे तो पाककृती लपवण्याचा. मुख्य स्वयंपाकघराच्या आत आणखी एक बंद खोली, तिथे फक्त घरचे आणि वर्षानुवर्षांचे विश्वासू कामगार. खेकडा आणि नूडल्सची मुख्य तयारी तिथेच होते. 1991 मध्ये त्याच शहरात याच घराण्याचं दुसरं हॉटेल ‘क्रस्टेशन’ सुरू झालं, 1997 मध्ये त्याची शाखा बेव्हर्ली हिल्सला निघाली आणि ही आतली खोलीही सोबत गेली. टीकाकार याला जाहिरातबाजी म्हणतात. तशी ती आहेच. पण अमेरिकेतला कायदा पाहिला की हट्ट समजतो. नुसत्या जिन्नसांच्या यादीला तिथे कॉपीराइट मिळत नाही. पदार्थाच्या नावावर ट्रेडमार्क घेता येतो, चवीवर नाही. उरतं ते व्यापारी गुपित, आणि ते जपण्याची खटपट दाखवता आली तरच कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. तरीही एखाद्याने ताटातली नूडल्स चाखून स्वतःच्या डोक्याने ती जमवली, तर त्याला अडवता येत नाही. आगरी-कोळी घरात मसाल्याचं प्रमाण सुनेपर्यंत जातं, शेजारणीपर्यंत नाही. इथे तोच बाणा वकिलाचा सल्ला घेऊन पाळल्यासारखा वाटतो.

जमवणाऱ्यांनी जमवलीच. शहरातल्या इतर व्हिएतनामी हॉटेलांत भाजलेला खेकडा आणि गार्लिक नूडल्स ही जोडी आता सर्रास मिळते. घरी करणारे स्पॅगेटीच घेतात, त्यात लोणी, मूठभर लसूण, ऑयस्टर सॉस, फिश सॉस आणि वरून किसलेलं पार्मेजान चीज. (शाकाहारी मंडळींनी नूडल्स मागवण्याआधी विचारून घ्यावं; ‘गार्लिक’ एवढ्या नावावर विसंबू नये.) माझ्या मते या नकलांनी मूळ हॉटेलचं नुकसान केलं नाही. उलट एका घराचा पदार्थ सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून ओळखला जाऊ लागला तो त्यांच्यामुळेच. श्रेय मात्र दर वेळी मूळ घराला मिळतंच असं नाही, आणि त्या घराची तक्रार असेल तर ती रास्त आहे.

खेकड्याचं गणित वेगळं. तिथे नक्कल करणाऱ्यालाही माल तोच लागतो आणि त्याच भावाने. कॅलिफोर्नियात व्यापारी मासेमारीत डंजनेसचे फक्त नर ठेवता येतात, तेही कवचाची रुंदी सव्वासहा इंच, म्हणजे सुमारे 16 सेंटिमीटर भरली तरच. अख्खा खेकडा ताटात आला की त्याचं आकारमान बघून अनेकांचे डोळे विस्फारतात. पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोजवळचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू व्हायचा आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला स्थानिक खेकडा असायचा. 2015 मध्ये समुद्री शेवाळातून येणारं विषारी डोमोइक आम्ल खेकड्यांत सापडलं आणि व्यापारी हंगाम थेट मार्च 2016 पर्यंत लांबला. त्यानंतर खेकडे पकडायच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत व्हेल अडकू लागल्याने सुरुवात अनेकदा डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुढे ढकलली गेली. त्यामुळे नोव्हेंबरात खेकडा मागवणाऱ्याने तो कुठल्या किनाऱ्यावरचा आहे हे वेटरला विचारायला हरकत नाही. नूडल्सबद्दल विचारून मात्र काही हाती लागणार नाही.