फाइल तीच, अर्थ वेगळा

मे २०२२ मध्ये कुबरनेटिसची १.२४ ही आवृत्ती आली. अनेक संगणकांवर पसरलेलं सॉफ्टवेअर सांभाळणारी ही प्रणाली. तिला हुकूम द्यायचे ते बहुतेक वेळा ‘क्यूबसीटीएल’ या क्लायंट प्रोग्राममधून. हा क्लायंट अपडेट केला आणि अनेकांचं काम एकाच ओळीवर अडलं: एक्झेक प्लगइनची एपीआय आवृत्ती अवैध. (एक्झेक प्लगइन म्हणजे ओळख पटवायला मदत करणारा वेगळा प्रोग्राम; एपीआय म्हणजे दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत.) सर्व्हर तर व्यवस्थित सुरू होता, परवानग्याही शाबूत होत्या.

गोम होती वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या एका साध्या फाइलीत. कुठल्या सर्व्हरकडे जायचं, ओळख कशी पटवायची, हे क्लायंट तिथून वाचतो. ओळख पटवायला दुसऱ्या प्रोग्रामची मदत लागत असेल, तर त्याच्याशी बोलण्याच्या पद्धतीची आवृत्तीही तिथेच लिहिलेली असते. ॲमेझॉनच्या क्लाउडची कमांड ही फाइल तयार करून देताना तिथे ‘व्ही१अल्फा१’ लिहीत असे. अल्फा म्हणजे प्रायोगिक, पुढे राहीलच याची हमी नसलेली. १.२४ ने ती काढून टाकली. कमांड अद्ययावत करून फाइल नव्याने तयार केली, की ‘अल्फा’च्या जागी ‘बीटा’ येई आणि काम पुन्हा सुरू होई.

फाइल लिहिणारा प्रोग्राम एकाचा, वाचणारा दुसऱ्याचा. दोघे आपापल्या सवडीने बदलतात. फाइल मात्र एकदा लिहिली की वर्षानुवर्षं डिस्कवर तशीच पडून राहते. म्हणून तिच्या साच्याची काळजी एपीआयइतकीच घ्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तरी इथे क्लायंटने निदान स्पष्ट तक्रार केली. त्याहून वाईट म्हणजे चूक गपचूप पुढे सरकणं. ही फाइल ज्या ‘यामल’ पद्धतीत लिहितात, तिच्या १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं ‘एनओ’ म्हणजे नकार. देशांच्या यादीत नॉर्वेचा संकेत नेमका हाच! क्लायंट मग सर्व्हरला देशाच्या जागी ‘असत्य’ हे मूल्य पाठवतो. याच नियमांनुसार २२:२२ ही साठच्या पायावरची (तास-मिनिटांसारखी) संख्या ठरते आणि वाचली जाते १३४२. शून्याने सुरू होणारं ०१० अष्टमान, म्हणजे आठच्या पायावरचं, धरून ८ होतं. २००९ च्या १.२ आवृत्तीने हे अर्थ बदलले, पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यामल वाचणारं लोकप्रिय ‘पायामल’ आजही मुख्यतः जुनेच नियम पाळतं. म्हणजे तीच फाइल एका क्लायंटला ८ सांगते, दुसऱ्याला १०.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं, तेव्हा कोडची कामं आपोआप चालवणाऱ्या ‘गिटहब ॲक्शन्स’ या सेवेच्या यामल फाइलीत नुसतं ३.१० लिहिणाऱ्यांची मागणी ३.१ अशी वाचली गेली. दशांश संख्येतल्या शेवटच्या शून्याला किंमत नसते ना! अवतरणचिन्हं घातली, की तो आकडा मजकूर म्हणून जसाच्या तसा पोहोचतो. नॉर्वेलाही हाच उपाय लागू पडतो. साचा बदलणाऱ्याने मात्र फाइलीत आवृत्ती नोंदवावी आणि काही काळ जुना-नवा दोन्ही साचे वाचत, जुना दिसला की वापरकर्त्याला बजावत राहावं.