केरो, इलिनॉय: दोन नद्या, एक भिंत आणि १,७३३ माणसं

अमेरिकेच्या नकाशावर इलिनॉय राज्य शोधा. वर शिकागो दिसेल, तिथून सरळ खाली दक्षिणेला साधारण सहाशे किलोमीटर येत राहिलात की राज्य निमुळतं होत होत एका टोकावर संपतं, त्या टोकावर केरो आहे. स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच, पण तिथले लोक केरो म्हणतात. पश्चिमेकडून मिसिसिपी येते, पूर्वेकडून ओहायो, आणि दोघींच्या मधल्या चिंचोळ्या सखल पट्टीवर हे शहर बसलंय. मिसिसिपीपलीकडे मिसुरी राज्य, ओहायोपलीकडे केंटकी.

१९२० साली इथे १५,२०३ लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत १,७३३. म्हणजे शंभर वर्षांत दहातली जवळपास नऊ माणसं कमी झाली. आता नकाशा बघून कुणीही म्हणेल की पुराने गाव उठवलं असणार, अजून काय. मलाही हा प्रश्न इंटरेस्टिंग वाटतो तो याचसाठी, कारण आकडे लावून बघितले की हे उत्तर टिकत नाही.

आधी नद्यांचं बघू. संगमानंतर पुढच्या नदीला मिसिसिपी म्हणतात खरं, पण केरोजवळ जास्त पाणी घेऊन येते ती ओहायो. ओहायोचा सरासरी प्रवाह सेकंदाला साधारण आठ हजार घनमीटर, तर वरून येणाऱ्या मिसिसिपीचा सहा हजारच्या आसपास. याचं कारण पाऊस. ओहायोचं खोरं अॅपलाचियन डोंगरांच्या ओल्या पट्ट्यातलं आहे, आणि मिसिसिपीला मिळणारी मिसुरी नदी लांबलचक असली तरी बऱ्यापैकी कोरड्या मैदानांतून येते, ती पाण्यापेक्षा गाळच जास्त आणते असं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे संगमावर दोन रंगांचं पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतं. ओहायोला मोठं पाणी हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात येतं, वरच्या मिसिसिपीला बर्फ वितळल्यावर जरा उशिरा. दोघींचं पाणी एकाच आठवड्यात आलं की एक नदी दुसरीला पुढे सरकू देत नाही, पाणी मागे तुंबतं आणि केरोला धडकी भरते.

इथली जमीनसुद्धा नदीनेच आणून टाकलेली आहे, वाळू आणि गाळ. समुद्रकाठची सखल मैदानी जमीन मेक्सिकोच्या आखातापासून एका लांब खोलगट पट्ट्यातून थेट इथपर्यंत आत शिरलेली आहे, म्हणूनच जवळच्या कॅश नदीच्या दलदलीत सायप्रसची झाडं दिसतात, जी आपल्याला लुइझियानाच्या फोटोंत बघायची सवय असते. शिवाय १८११-१२ साली ज्या न्यू माद्रिद भूकंपांनी मिसिसिपीचा काठ हादरवला तो पट्टाही इथून जवळच.

शहराची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ फुटांवर आहे. नदीची पातळी मोजायच्या पट्टीचा शून्य २७० फुटांच्या आसपास धरलाय. म्हणजे पट्टीवर ४५ फूट दिसले की नदी जवळजवळ शहराच्या जमिनीइतकी उंच झाली, आणि त्याच्यावर जे काही पाणी असेल ते फक्त मातीचे बांध आणि काँक्रीटची भिंत अडवून धरते. ही भिंत पट्टीवरच्या ६४ फुटांपर्यंतची आहे. उत्तरेकडे रस्ता जिथे आत येतो तिथे एक अवाढव्य पोलादी दरवाजा आहे, वेळ आली तर तो खाली सोडून शहर चारी बाजूंनी बंद करता येतं.

१९३७ साली पातळी साडेएकोणसाठ फुटांवर गेली. त्या वर्षी ओहायोकाठची कितीतरी शहरं बुडाली, लुइव्हिलचा मोठा भाग पाण्याखाली होता, पण केरो कोरडं राहिलं. याचं एक कारण भिंत, दुसरं कारण समोरच्या मिसुरी काठावरचं पूरक्षेत्र. १९२७ च्या महापुरानंतर १९२८ च्या कायद्याने ही सोय केली गेली, म्हणजे पाणी हाताबाहेर जायला लागलं की तिथला बांध मुद्दाम फोडायचा आणि नदीला पसरायला जागा द्यायची. १९३७ नंतर पुन्हा कधी ती वेळ आली नव्हती. ती आली २०११ मध्ये.

एप्रिलभर ओहायोच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता. केरोत भिंतीच्या आतल्या बाजूला जमिनीतून पाणी आणि वाळू उकळी फुटल्यासारखी वर यायला लागली. हे फार धोक्याचं लक्षण असतं, कारण भिंतीबाहेरच्या उंच पाण्याचा दाब वाळूच्या थरातून खालून आत येतो, येताना वाळूचे कण सोबत घेऊन येतो, आणि असं चालू राहिलं तर भिंतीला वरून धक्काही न लागता खालची जमीनच पोकळ होऊन ती बसू शकते. शहर रिकामं करायचा आदेश निघाला. बांध फोडू नये म्हणून मिसुरी राज्य कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टाने मध्ये पडायला नकार दिला, आणि २ मे २०११ च्या रात्री पातळी ६१.७२ फुटांच्या विक्रमावर असताना आर्मी इंजिनियर्सनी त्या पूरक्षेत्राचा बर्ड्स पॉइंट इथला बांध सुरुंगाने उडवला. सुमारे १,३०,००० एकर शेतजमीन पाण्याखाली गेली आणि केरोची पातळी उतरायला लागली. त्या पाण्यात मिसुरीतलं पिनहूक हे काळ्या शेतकऱ्यांचं छोटंसं गाव गेलं. एक काठ वाचला त्याची किंमत दुसऱ्या काठाने दिली, हे विसरून केरोबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

म्हणजे इतके मोठे पूर येऊनसुद्धा पाणी शहरात घुसलं नाही, तरी माणसं गेली. मग कशामुळे?

१८५० मध्ये इथे जेमतेम २४२ लोक होते. इलिनॉय सेंट्रल रेल्वे इथपर्यंत आली आणि १८६० पर्यंत ते २,१८८ झाले, मग अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याचा सेनापती ग्रँटने १८६१ मध्ये इथेच तळ ठोकला, आणि नंतर बोटी आणि रेल्वे यांच्यामध्ये माल चढवणं-उतरवणं हा शहराचा मुख्य धंदा झाला. नदी आडवी असल्यामुळे सगळ्यांना इथे थांबावं लागायचं, रेल्वेचे डबेसुद्धा फेरीबोटीतून ओहायोपार न्यावे लागायचे, आणि या थांबण्यावर पोट चालायचं. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला. पुढे १९२९ आणि १९३७ मध्ये दोन्ही नद्यांवर रस्त्याचे पूल आले, आणि १९७८ मध्ये इंटरस्टेट ५७ या महामार्गाचा पूल झाल्यावर लांबच्या गाड्या शहराला बगल देऊनच जायला लागल्या. थांबायचं कारणच संपत गेलं.

पण पूल एवढंच कारण असतं तर उतार हळूहळू दिसला असता. १९५० मध्ये १२,१२३ असलेली लोकसंख्या १९६० मध्ये ९,३४८ आणि १९७० मध्ये ६,२७७ वर आली, म्हणजे वीस वर्षांत निम्मी. या काळात शहरात वंशभेदाचा संघर्ष पेटला होता. त्याची मुळं जुनी आहेत, १९०९ मध्ये इथे हजारोंच्या जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारलं होतं. १९६७ मध्ये एका तरुण काळ्या सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, दंगली झाल्या, नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं राखीव लष्करी दल आलं. १९६९ पासून काळ्या रहिवाशांनी, आम्हाला नोकरी देत नाही त्या दुकानांत आम्ही खरेदी करणार नाही असा बहिष्कार सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला, आणि बऱ्याच गोऱ्या दुकानदारांनी काळ्यांना कामावर घेण्याऐवजी दुकान बंद करणं पसंत केलं. माझ्या मते केरो समजून घ्यायचं तर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. नदीने दिलेलं नुकसान भिंतीने थोपवलं, हे थोपवायला कुठलीही भिंत नव्हती.

एकदा लोक जायला लागले की पुढचं गणित आपोआप चालतं. आधी तरुण जातात, मग जन्म कमी होतात, शाळा रिकाम्या होतात, कर भरणारे घटतात, पण पंधरा हजार माणसांसाठी टाकलेले पाण्याचे पाइप तेवढेच राहतात आणि त्यांचा खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर येतो. हॉस्पिटल १९८० च्या दशकात बंद पडलं, किराणा दुकान २०१५ मध्ये. २०१७ मध्ये सरकारने दोन जुन्या, पार मोडकळीला आलेल्या गृहसंकुलांतल्या लोकांना बाहेर पडायला सांगितलं. एवढ्याशा शहरात शेकडो माणसांना दुसरं घरच मिळेना, म्हणून बरेच जण केरोच सोडून गेले. शहर ज्या अलेक्झांडर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे तिची लोकसंख्या २०१० ते २०२० मध्ये ८,२३८ वरून ५,२४० वर आली, टक्केवारीत ही त्या दशकातली अख्ख्या अमेरिकेतली सगळ्यात मोठी काउंटी-घट.

आता राहणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक काळे आहेत. राज्याच्या कायद्याने केरो अजूनही 'सिटी' आहे, कारण तिथे तो दर्जा कागदोपत्री मिळतो आणि माणसं कमी झाली म्हणून जात नाही. जनगणना खात्याने मात्र २०२० पासून शहरी भाग म्हणायला किमान ५,००० लोक किंवा २,००० घरं अशी अट घातलीय, म्हणजे त्यांच्या हिशेबात हा ग्रामीण भागच.

आणि भूगोल तर जसा होता तसाच आहे. ओहायोवरचं शेवटचं धरण, २०१८ मध्ये सुरू झालेलं ओल्मस्टेड, केरोच्या थोडं वर आहे, मिसिसिपीवरचं शेवटचं लॉक, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दरवाजांचा हौद, सेंट लुइसजवळ. या लॉकच्या मापामुळे त्यांच्या वरच्या भागात एका टोबोटीला साधारण १५ बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, ढकलता येतात, पण केरोच्या खाली समुद्रापर्यंत एकही लॉक नाही, तिथे एका वेळी तीस-चाळीस बार्ज जातात. त्यामुळे मका, सोयाबीन, कोळसा घेऊन येणारे ताफे आजही या संगमाच्या आसपास सोडवले आणि नव्याने बांधले जातात, फक्त हे काम आता मोजक्या माणसांत होतं आणि ती माणसं केरोत राहत असतीलच असं नाही. हे बदलावं म्हणून नदीबंदर बांधायचा प्रस्ताव आहे, इलिनॉय सरकारने २०२० मध्ये त्यासाठी ४ कोटी डॉलर जाहीर केले. इंजिनियरिंगच्या दृष्टीने काम अवघड आहे, कारण कोरड्या शरद ऋतूत पट्टीवर १० फुटांच्याही खाली जाणारी नदी वसंतात ६० च्या घरात पोचू शकते, तेव्हा धक्का असा बांधावा लागेल जो पन्नास फुटांच्या या चढउतारात कुठल्याही पातळीला माल उतरवून घेऊ शकेल.