जुनं आऊटबोर्ड मशीन दुरुस्तीला आणण्याआधी

माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून असलेलं आऊटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे अडकवायचं इंजिन, खाली उतरवलं की कोणाचा तरी हात आधी दोरीकडे जातो. चालतंय का बघू, म्हणून चार-सहा झटके मारले जातात. आमची पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे: दोरी ओढू नका.

बंद मशीनच्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, गंजाचा पातळ थर चढलेला असतो आणि पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटलेल्या असतात. जोरात ओढलं की रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअरला उभा ओरखडा काढतो. खाली पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) एकाच बाजूला वाकून कडक झालेला असतो. त्याच्या पाकळ्या मोडतात आणि पाण्याच्या वाटेत जाऊन अडकतात. मग प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर साफ करून भागलं असतं, तिथे बोअर आणि रिंगांचं काम निघतं. म्हणून एवढंच करा. प्लग काढा, त्या भोकातून डिझेल आणि टू-स्ट्रोक ऑइल निम्मं-निम्मं करून दोन-तीन चमचे सोडा, प्लग हातानं परत लावा आणि मशीन उभं ठेवा. ते मुरायला चार दिवस मिळाले की जाम पिस्टन पुष्कळदा हातोडी न लावता सुटतो.

कोणती मशिनं आम्ही घेतो

मुख्यतः दोन घराण्यांची. पहिलं अमेरिकन, जॉन्सन आणि एव्हिनरूड. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला कारागीर. मिलवॉकी शहरात त्याने १९०९ साली दीड हॉर्सपॉवरचं, साधारण २८ किलोचं मशीन विकायला काढलं आणि होडीच्या मागे अडकवायच्या इंजिनाचा धंदा उभा राहिला. १९३० च्या दशकात जॉन्सनही त्याच मालकीखाली आलं. त्यामुळे १९५० नंतरच्या या दोन नावांच्या मशिनांचे कितीतरी पार्ट एकमेकांना बसतात, आणि जुन्या मशीनच्या मालकाला त्याचा मोठा आधार आहे. या दोन्ही नावांची मालक कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं.

दुसरं घराणं ब्रिटिश सीगल, इंग्लंडच्या पूल बंदरातलं. एक सिलिंडर, वर उघडं फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक), त्याला दोरी गुंडाळायची आणि ओढायची. दिसायला ओबडधोबड, पण इतकं साधं आणि दुरुस्तीला सोपं दुसरं मशीन आमच्या हाताखालून गेलेलं नाही. त्याचे पार्ट आजही इंग्लंडमधले खास विक्रेते पाठवतात. सीगलच्या नंबरावरून मॉडेल आणि बहुतेक वेळा बनवल्याचा महिना-वर्षही कळतं, तेव्हा नंबराच्या जागी पॉलिश पेपर मारू नका.

उघडल्यावर आम्ही काय बघतो

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब धरतो ते. दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. दहा टक्क्यांच्या आतला फरक आम्ही चालवून घेतो, त्यापुढे गेला तर हेड उघडतो. त्यानंतर करंट. फ्लायव्हीलखाली ठिणगी तयार करणारे पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बसलेले असतात. १९५०-६० च्या दशकातल्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या मूळ कॉइलचं वरचं आवरण हमखास तडकलेलं असतं. अशी कॉइल थंड असताना ठिणगी देते आणि गरम झाली की खाडीच्या मधोमध बंद पडते, म्हणून तडा दिसला की आम्ही ती बदलतोच. पॉइंटची गॅप दोन्ही घराण्यांत अर्धा मिलिमीटर. फ्लायव्हील काढायला पुलरच लागतो. क्रँकच्या टोकावर हातोडी मारून ते उडवलेली मशिनं आमच्याकडे येतात. त्यात टोकाचे आटे चेपलेले असतात, कधी क्रँकच वाकलेला असतो. घरी फ्लायव्हीलला हात लावू नका.

कार्बोरेटरमध्ये आता एक नवी अडचण आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. पुष्कळ जुन्या मशिनांचा फ्लोट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बुचाचा, वरून लाखेचा लेप दिलेला. लाख इथेनॉलमध्ये विरघळते. मग फ्लोट पेट्रोल पितो, जड होऊन बुडतो आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. जुन्या रबरी नळ्याही फुगतात आणि मऊ पडतात. आम्ही प्लास्टिकचा फ्लोट किंवा इथेनॉलला टिकणारा लेप देतो आणि नळ्या सगळ्या नव्या घालतो. यात काटकसर करायची तर काम आम्ही घेत नाही, कारण गळणारं पेट्रोल आणि उघडी ठिणगी एकाच होडीत असू नये.

१९५० च्या दशकातल्या काही जॉन्सन-एव्हिनरूडला वेगळी टाकी आणि दोन नळ्या असतात. एका नळीनं इंजिनची हवा टाकीत जाऊन दाब धरते आणि दुसरीनं पेट्रोल वर येतं. म्हणजे टाकीत दाबाखालची पेट्रोलची वाफ. अशी टाकी आम्ही शोभेसाठी ठेवायला सांगतो आणि मशीनला फ्युएल पंप बसवून एका नळीवर आणतो. मूळपणाचा आग्रह असलेल्यांना हे रुचत नाही, पण इथे आम्ही मागे हटत नाही.

खारं पाणी आणि अडकलेले बोल्ट

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि बिलातला मोठा आकडाही इथलाच असतो. अॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट आणि दोघांच्या मध्ये वर्षानुवर्षं खारं पाणी. अॅल्युमिनियमची पांढरी पूड होऊन ती आट्यांत इतकी घट्ट बसते की पान्याला जोर दिला की बोल्टचं डोकंच हातात येतं. आम्ही घाई करत नाही. पेनिट्रेटिंग ऑइल, मग गॅसची आच बोल्टच्या भोवतालच्या अंगाला, बोल्टला नाही. मग थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, पुन्हा सोडायचं. कधीकधी एका पंपाच्या चार बोल्टांत सकाळ जाते. तरीही तुटलाच तर मधोमध ड्रिल करून, नवे आटे पाडून, त्यात तारेची इन्सर्ट बसवतो. परत लावताना प्रत्येक बोल्टला मरीन ग्रीस लावतो, म्हणजे पुढच्या वेळी तो सुटेल.

सीगलचा सिलिंडर बिडाचा, त्यामुळे त्याच्या पाण्याच्या जाकिटात गंजाचे पापुद्रे साचतात. ते खरवडून, धुऊन काढावे लागतात. पडून राहिलेल्या मशीनमध्ये आणखी एक गोष्ट हटकून सापडते, कुंभारमाशीचं मातीचं घर. पाणी आत घ्यायची जाळी आणि एक्झॉस्टचं भोक या तिच्या आवडत्या जागा. बाहेरून काही दिसत नाही, पण पाणी चढत नाही आणि दहा मिनिटांत मशीन तापून पिस्टन धरतो.

गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं निघालं तर जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये सील गेलं असं समजायचं. जुन्या सीगलचं तसं नाही. त्याच्या बॉक्सला आजच्यासारखं पक्कं सील नसतंच, थोडं पाणी मिसळून ऑइल पांढरट होणं त्यात गृहीत धरलेलं आहे, म्हणून त्यात १४० नंबरचं दाट ऑइल वापरतात. असं ऑइल बघून सीगलचा मालक घाबरतो आणि नसलेली दुरुस्ती सांगणारा त्याला कोणीतरी भेटतो.

पेट्रोलमध्ये किती ऑइल घालायचं

आजच्या टू-स्ट्रोक मशीनची सवय असलेले लोक लिटरला २० मिली ऑइल घालतात. जुन्या मशीनला ते मारक आहे. क्रँकला नीडल बेअरिंगऐवजी (सुईसारख्या बारीक रोलरच्या) ब्राँझचे बुश असतात आणि त्यांना पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलशिवाय दुसरं वंगण मिळत नाही. १९६४ पूर्वीच्या जॉन्सन-एव्हिनरूडला लिटरला ४२ मिली घाला. जुन्या सीगलला १०० मिली, म्हणजे दहाला एक. नंतरच्या किंवा कार्बोरेटर बदललेल्या सीगलला ४० मिली पुरतात. मशीन परत देताना त्याचं माप आम्ही टाकीवरच लिहून देतो. ऑइल पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचं, टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलं घ्या. मोटरसायकलचं नको.

रंग

रंग आम्ही सगळ्यात शेवटी, आणि तुम्ही म्हणालात तरच देतो. मूळ रंग आणि कंपनीचं चिन्ह निम्मंअर्धं जरी शाबूत असेल तर ते तसंच ठेवा, असं आमचं मत आहे. पुसलेलं चिन्ह परत मिळत नाही आणि नव्या रंगाखाली तडा लपतो.

परत नेल्यावर

पिंपात पाण्याची धार नीट येईपर्यंत चालवून दाखवल्याशिवाय आम्ही मशीन देत नाही. त्या वेळी तुम्ही हजर राहा. सीगलच्या बऱ्याच मॉडेलना आणि लाइटविनसारख्या छोट्या एव्हिनरूडला न्यूट्रल नसतो. मशीन चालू झालं की होडी निघालीच, म्हणून होडीचं तोंड मोकळ्या पाण्याकडे असल्याशिवाय दोरी ओढायची नाही. सीगलच्या उघड्या फ्लायव्हीलजवळ पदर, ओढणी, मोकळे केस येऊ देऊ नका. जॉन्सन-एव्हिनरूडच्या पंख्याची पिन तुटली तर तिच्या जागी खिळा ठोकू नका. पिन तुटते म्हणूनच गिअर वाचतो. होडीत दोन सुट्या पिना आणि पक्कड ठेवा. वल्हं तर हवंच. तीन हॉर्सपॉवरचं जुनं मशीन खाडीसाठी आहे, उधाणात बाहेर न्यायला नाही.

दर वेळी घरी आल्यावर पिंपात गोडं पाणी भरून पाच मिनिटं चालवा आणि पेट्रोल बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या. पाण्याशिवाय, कोरडं मात्र कधीही चालवू नका, अर्धं मिनिटही नाही. ठेवताना उभं ठेवा. आडवं ठेवून पंख्याची बाजू वर राहिली तर नळीतलं खारं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

मशीन आणताना

तपासणी झाल्यावर आम्ही लेखी अंदाज देतो आणि तुमचा होकार आल्याशिवाय पुढे उघडत नाही. परदेशातून पार्ट मागवावे लागले तर त्याचा खर्च आणि कस्टम ड्युटी वेगळी दाखवतो. १ जूनला मासेमारीबंदी लागली आणि बोटी शाकारल्या की आमच्याकडे चालत्या मशिनांची रांग लागते, त्यामुळे जुनं मशीन दिवाळीनंतर आणलंत तर त्याला निवांत वेळ देता येतो. सोबत होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून आणा. ३८ सेंटीमीटरला आखूड पाय लागतो, ५१ ला लांब. मशीनबरोबर आलेला प्रत्येक सुटा नट, तुटका तुकडा, जुनी दोरी पिशवीत घालून आणा, कारण नमुना हातात असला की लेथवर नवा बनवता येतो. एसटीनं पार्सल पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि झाकण उघडून एक दिवस वाऱ्यावर ठेवा.