पदरमोडीचा उन्हाळा

अमेरिकेतल्या कित्येक महाविद्यालयांमध्ये अर्थशास्त्र विभागाकडे एक छोटा निधी असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बिनपगारी किंवा नाममात्र पगाराची इंटर्नशिप करू पाहणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना त्यातून विद्यावेतन मिळते. पैसा बहुधा माजी विद्यार्थ्यांनी दिलेला असतो. ज्या विद्यार्थ्याची फी आधीच मोठ्या प्रमाणात माफ झाली आहे, त्याला सुट्टीसाठी वेगळे पैसे कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर आर्थिक साहाय्याच्या हिशोबातच दडलेले आहे आणि तो हिशोब सत्तर वर्षांपूर्वी मांडला गेला.

1954 मध्ये कॉलेज बोर्ड या महाविद्यालयांच्या प्रवेश-परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ सुरू केली. कुटुंब किती पैसे देऊ शकते हे ठरवण्याची समान पद्धत तिच्यामुळे महाविद्यालयांच्या हाती आली. शिक्षणाचा एकूण खर्च, त्यातून कुटुंबाचा वाटा वजा, उरली ती गरज. या मांडणीत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाट्याचीही एक ओळ होती: उन्हाळ्यात काम करून त्याने साठवायची रक्कम. त्या काळी ही अपेक्षा अवाजवी नव्हती. कारखाना, बांधकाम, हॉटेल, मुलांची शिबिरे अशा ठिकाणी तीन महिने राबले की गाठीला थोडे पैसे उरत. पुढे काम बदलले, पण ती ओळ तशीच राहिली. आजही अनेक खासगी महाविद्यालयांच्या साहाय्यपत्रात, म्हणजे किती मदत मिळेल हे विद्यार्थ्याला कळवणाऱ्या पत्रात, त्याच्या उन्हाळी कमाईचा आकडा गृहीत धरलेला असतो. म्हणजे सुट्टी सुरू होण्याआधीच त्याची कमाई खर्ची पडलेली असते. अशा विद्यार्थ्याने बिनपगारी इंटर्नशिप घेतली तर त्याला दुहेरी खड्डा पडतो. एकीकडे दुसऱ्या शहरात राहण्याचा खर्च पदरचा, दुसरीकडे पुढच्या वर्षीच्या फीमधला वाटा बुडालेला.

मुळात ही उमेदवारी, म्हणजे काम करता करता शिकणे, फुकटाची नव्हती. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये 27 अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना घेऊन ‘सहकारी शिक्षण’ सुरू केले. काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, असे आलटून-पालटून. कारखान्यातल्या कामाची मजुरी मिळे आणि तीच अनेकांच्या शिक्षणाला हातभार लावी. ‘इंटर्न’ हा शब्द मात्र वैद्यकातून आला. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहत. पगार तुटपुंजा, पण राहण्या-जेवणाची ददात नसे. या शब्दाने दवाखाना सोडून कचेऱ्यांत प्रवेश केला तेव्हा राहण्या-जेवणाची सोय मागेच राहिली.

पगार न देण्याला कायद्यातही जागा सापडली. किमान वेतनाचा ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’ 1938 चा. पोर्टलँड टर्मिनल या रेल्वे कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1947 मध्ये निकाल दिला की, ब्रेकमनचे, म्हणजे गाड्यांचे ब्रेक सांभाळणाऱ्याचे, काम शिकणारे उमेदवार हे या कायद्याच्या अर्थाने कामगार नाहीत. त्यांच्यामुळे कुणाची नोकरी जात नव्हती, कंपनीला तत्काळ लाभ नव्हता, उलट त्यांना शिकवताना कामाचा खोळंबाच व्हायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ते प्रशिक्षण सात-आठ दिवसांचे होते. आठवडाभराच्या रेल्वे प्रशिक्षणासाठी दिलेला निकाल पुढच्या काळात दहा-बारा आठवड्यांच्या कचेरीतल्या कामाला आधार म्हणून वापरला गेला. सरकारी कार्यालयांचा मार्ग वेगळा. संघराज्य सरकारला फुकट सेवा स्वीकारायला एरवी मनाई आहे, पण 1978 च्या सनदी सेवा सुधारणा कायद्याने विद्यार्थ्यांपुरता अपवाद केला. आणि 1995 मध्ये संसदेने कामगार कायदे स्वतःला लागू करून घेतले, तेव्हा वेतनाच्या तरतुदींतून इंटर्नना वगळले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे विशेष जाचते, कारण त्यांच्यापुढचे दोन रस्ते अगदी विषम आहेत. गुंतवणूक बँका आणि सल्लागार कंपन्या इंटर्नना चांगला पगार देतात, पण जागा मोजक्या असतात आणि भरती दीड-दीड वर्ष आधी सुरू होते. घरात त्या जगाची माहिती असलेला मुलगा वेळेवर अर्ज करतो. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलीला ही तारीख उलटून गेल्यावर कळते. दुसरा रस्ता धोरणाचा: खासदारांची कार्यालये, संशोधन संस्था, कामगारांचे किंवा घरांचे प्रश्न हाताळणाऱ्या स्वयंसेवी संस्था. कर, मजुरी, दारिद्र्य हे वर्गात शिकलेले विषय तिथे प्रत्यक्ष भेटतात. पण नेमक्या याच ठिकाणी पगार नसायचा किंवा अपुरा असायचा, आणि बरीचशी कार्यालये वॉशिंग्टन वा न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरांत. म्हणजे गरिबीवरच्या धोरणाची टिपणे कोण लिहिणार, हे घरभाडे कुणाला परवडते यावरून ठरत आले. अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवणाऱ्यांमध्ये उच्चशिक्षित आई-वडिलांच्या मुलांचे प्रमाण इतर विषयांपेक्षा जास्त आहे आणि गेल्या दोन दशकांत ही तफावत वाढली, असे नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या आकडेवारीवरून दिसून आले आहे. सगळा दोष इंटर्नशिपच्या माथी मारता येणार नाही. पण गाळणी कुठे लागते हे शोधताना सुट्टीतल्या या तीन महिन्यांकडे पाहावेच लागते.

सरकारी ‘कमवा आणि शिका’ योजना, म्हणजे 1964 च्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी ॲक्टमधून आलेली वर्क-स्टडी, ही भरपाई करू शकली नाही. तिचा बराचसा पैसा सत्र चालू असताना ग्रंथालय, भोजनगृह, विभागाची कचेरी अशा आवारातल्या कामांवर जातो. विज्ञान शाखेला 1987 पासून नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पदवीपूर्व संशोधन योजनेचा आधार मिळाला. तीत उन्हाळ्यातल्या कामाचे विद्यावेतन मिळते. अर्थशास्त्रात सर्वांत जुना आणि महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेचा. अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांसाठीचे तिचे उन्हाळी प्रशिक्षण 1974 मध्ये सुरू झाले. मात्र त्याची दिशा डॉक्टरेटकडे नेणारी आहे. पदवीनंतर थेट नोकरी करणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी तसा आधार नव्हता.

तो महाविद्यालयांनीच उभा केला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ या महिला महाविद्यालयाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रॅक्सिस’ योजना आणली: बिनपगारी इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थिनीला शिक्षणकाळात एकदा विद्यावेतन. इतर महाविद्यालयांतही अशा योजना आल्या, आणि विभागांनी आपापले निधी जोडले.

या निधींवर एक रास्त आक्षेप घेतला जातो: पगार मालकाने द्यायचा, तो महाविद्यालय का भरते? यातून फुकट राबवून घेण्याची सवय पक्की होत नाही का? मला हा आक्षेप खरा वाटतो. पण मालक सुधारेपर्यंत वाट पाहायला सांगायचे कुणाला, तर ज्याच्याकडे एकच उन्हाळा उरला आहे त्याला? न्यायालयांचा अनुभवही फारसा धीर देत नाही. एका चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी राबलेले इंटर्न 2011 मध्ये न्यायालयात गेले. 2013 मध्ये ते कामगारच आहेत असा निकाल लागला. 2015 मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द करून ‘मुख्य लाभ कुणाचा’ ही कसोटी लावली (तो इंटर्नचा ठरला तर पगार न देताही चालते) आणि 2018 मध्ये कामगार खात्याने तीच स्वीकारली.

संसदेत मात्र चित्र बदलले. ‘पे अवर इंटर्न्स’ या तरुणांच्या संघटनेने खासदारांच्या कार्यालयांची यादीच मांडली, पगार कोण देतो आणि कोण नाही. 2018 मध्ये सिनेटसाठी 50 लाख आणि प्रतिनिधीगृहासाठी 88 लाख डॉलर मंजूर झाले. 2022 च्या शरद सत्रापासून व्हाइट हाउसनेही इंटर्नना आठवड्याला 750 डॉलर द्यायला सुरुवात केली. स्वयंसेवी संस्थांचा प्रश्न मागेच राहिला. त्यांच्याकडे खरोखरच पैसा नसतो, म्हणून विभागीय निधीची सर्वाधिक गरज तिथे जाणाऱ्यांना आहे.

निधीची रक्कम ठरवताना दोन गोष्टी हमखास निसटतात. 1986 च्या करसुधारणेपासून शुल्क आणि पुस्तकांपलीकडची विद्यार्थी-मदत करपात्र आहे. म्हणजे विद्यावेतन पत्रात दिसते तेवढे हातात उरेलच असे नाही. दुसरी गोष्ट साहाय्यपत्रातल्या त्या जुन्या ओळीची. काही महाविद्यालये विद्यावेतनासोबत उन्हाळी कमाईचा वाटाही माफ करतात किंवा अनुदानातून भरतात. जिथे तसे होत नाही तिथे दिलेल्या पैशाचा मोठा भाग सप्टेंबरमध्ये फीच्या रूपाने महाविद्यालयाकडेच परत येतो. शिवाय खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे काम सुरू होण्याआधीच द्यावे लागते, त्यामुळे पैसे मे महिन्यात हातात पडणे आणि पावत्या तपासून ऑगस्टमध्ये मिळणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.