‘तर’ उलटा फिरवताना

फ्यूज उडाला असेल तर पंखा बंद पडतो. आत्ता पंखा बंद आहे. म्हणजे फ्यूज उडाला? बहुतेकांच्या तोंडून ‘हो’ निघून जातं. पण कपॅसिटर गेला असेल, रेग्युलेटर बिघडला असेल, किंवा कोणी बटणच बंद केलं असेल. मूळ विधान यांतलं काहीच नाकारत नाही. याउलट पंखा फिरत असेल, तर फ्यूज शाबूत आहे हे फ्यूजकडे न बघताही सांगता येतं.

ही दुसरी चाल बिनचूक का, ते पाहू. ‘क असेल तर ख असतो’ हे विधान चार शक्यतांपैकी एकीवरच फुली मारतं: क आहे आणि ख नाही. बाकी तिन्ही मोकळ्या. आता ‘ख नसेल तर क नसतो’ हे कशावर फुली मारतं? ख नाही, तरी क आहे. म्हणजे तीच शक्यता! दोन्ही विधानं एकच गोष्ट सांगतात. या दुसऱ्या रूपाला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. कृती एवढीच: बाजूंची अदलाबदल करायची आणि दोन्ही बाजूंना नकार द्यायचा. नुसती अदलाबदल केली तर मिळतो व्यत्यास. तो भलत्याच शक्यतेवर फुली मारतो, म्हणून भूमितीत तो वेगळा सिद्ध करावा लागतो. नुसते नकार दिले तरी तीच गत. आपल्या न्यायशास्त्रातही, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, ही जोडी आहे: ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही अन्वयव्याप्ती आणि ‘जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही’ ही व्यतिरेकव्याप्ती.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेलं कोडं मराठी अक्षरांत असं होईल. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: स्वर असेल तर मागे सम अंक असतो. समोर अ, म, ४ आणि ७ दिसतायत. नियम मोडलाय का हे ठरवायला कोणते पत्ते उलटाल? अनेक जण अ आणि ४ निवडतात. ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. पण ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. म्हणून उलटायचे ते अ आणि ७.

दोन खाचखळगे. नकार म्हणजे विरुद्धार्थी शब्द नव्हे. ‘गरम’चा नकार ‘गरम नाही’, त्यात कोमटही आलं. आणि ‘तर’ला ‘च’ चिकटला की दिशा पालटते. ‘तिकीट असेल तरच प्रवेश’ म्हणजे आत गेलेल्याकडे तिकीट होतं. तिकीटवाल्या प्रत्येकाला आत सोडतील असं नाही.

खरी मजा अटी अनेक असतात तेव्हा. ‘क आणि ग दोन्ही असतील तर ख असतो.’ ख नाही. मग क नाही किंवा ग नाही, किंवा दोन्ही नाहीत. नकार देताना ‘आणि’चा ‘किंवा’ होतो. खगोलशास्त्राने हा ‘किंवा’ दोनदा अनुभवला. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम बरोबर असेल आणि माहीत असलेल्या ग्रहांखेरीज कोणी ओढत नसेल, तर युरेनस गणिताने सांगितलेल्या जागी दिसायला हवा. तो तिथे दिसेना. ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने दुसऱ्या अटीवर संशय धरला, अज्ञात ग्रहाची जागा काढली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षा चुकताना दिसली. इतर ग्रहांची ओढ वजा केल्यावरही शतकाला सुमारे ४३ विकलांचा फरक उरतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ल व्हेरिएने तीच युक्ती वापरून सूर्याजवळ ‘व्हल्कन’ ग्रह कल्पिला. तो काही मिळाला नाही. या वेळी पहिलीच अट लंगडी होती, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून तो फरक बरोबर निघाला. तर्काने दोन्ही वेळा फक्त संशयितांची यादी दिली होती.

तोडगे सांगणारेही हीच यादी वापरतात बरं का. ‘श्रद्धेने केलं तर गुण येतो. गुण आला नाही? मग श्रद्धा कमी पडली.’ हा कॉन्ट्रापॉझिटिव्ह निर्दोष आहे! फरक एवढाच, की व्हल्कन दुर्बिणीने शोधता येत होता. इथे श्रद्धा किती होती हे गुण आला की नाही यावरूनच ठरतं. त्यामुळे श्रद्धा आहे आणि गुण नाही, ही फुली मारलेली शक्यता कोणाला कधी दिसूच शकत नाही.